मॅडमबाईंचा मराठी विभाग

सन्माननीय अध्यक्ष आत्मारामजी भंगाळे, मुख्याध्यापक भूपेंद्रसर, मंचावरचे सर्व मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती ज्योत्स्नाबाई फालक आणि त्यांचे कुटुंबीय, शिक्षक बंधू-भगिनींनो. दापोऱ्याकडून केळीची कापणी अर्धी टाकून आलेल्या शेतकऱ्यांनो, मंडीत ट्रक भरणाऱ्या माझ्या भावांनो, महाराष्ट्रातून कागद कारखान्यात नोकरीला येऊन, निवृत्तीनंतर शहरात घरं केलेल्या वडीलधाऱ्यांनो, आणि आमच्या बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या मायबहिणींनो! तुमची आडनावं वेगळी, गल्ल्या वेगळ्या, लग्नाच्या पंक्तीत बसायच्या जागासुद्धा वेगळ्या. पण एक दुखणं तुम्हा सगळ्यांचं सारखं आहे. तुमच्या मुलांची मराठी पुस्तकं यंदा दिवाळी उलटल्यावर आली. परिसर अभ्यासाचं तर आलंच नाही. ते मुलांनी मागच्या वर्गाच्या फाटक्या प्रतींवरून वाचलं. तुम्ही त्या प्रती एकमेकांच्या घरी पोचवत राहिलात, डिंकानं चिकटवत राहिलात, आणि कुणालाही जाब विचारला नाही.

मघाशी माझी ओळख 'ओजस्वी वक्त्या, ॲडव्होकेट योगिताताई' अशी करून दिली गेली. त्याबद्दल आभार. लगेच भूपेंद्रसर वाकून माझ्या कानात म्हणाले, "ताई, निरोपाचा कार्यक्रम आहे, जरा मायेनं बोला." सर, प्रयत्न करते. दिवसभर कोर्टात हिंदीतून भांडावं लागतं. मराठीतून मायेनं बोलायची संधी वर्षातून एखादी मिळते. ती आज मिळाली आहे आणि नेमकं आजच मला गोड बोलणं सुचत नाही.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला सरांनी शाळेच्या सूचना वाचल्या. तुम्ही त्या ऐकल्या का? की मागच्या खोलीतून दराब्याच्या मिठाईचा वास येत होता म्हणून लक्ष तिकडे होतं? एक एप्रिलला प्रवेशोत्सव आहे. मुलांना टिळा लावून, हातात फूल देऊन वर्गात घेणार. नव्या खोलीत भिंतीएवढा टीव्ही लागणार, त्यावर धडे दिसणार. उन्हाळ्यात चित्रकलेचं शिबिर, त्याआधी पालकसभा. प्रत्येक सूचनेला तुम्ही टाळ्या दिल्या. मग सरांचा आवाज खाली आला आणि त्यांनी शेवटचं वाक्य वाचलं: नवीन सत्रापासून मराठी विभागातील विद्यार्थ्यांचे हिंदी विभागात समायोजन करण्यात येईल. आणि हातांना सवय लागलेली होती, म्हणून तुम्ही त्यालाही टाळ्या वाजवल्या.

समायोजन! काय गुळगुळीत शब्द आहे. ऐकला की वाटतं, कुणी प्रेमानं सरकून जागा करून देतंय. साध्या भाषेत सांगायचं तर महिनाअखेरीस बाई निवृत्त होतात, त्यांच्या जागी कुणी येणार नाही, आणि एक एप्रिलपासून या शाळेत मराठी शिकवली जाणार नाही. हे असं लिहिलं असतं तर तुमच्या टाळ्या थांबल्या असत्या का? मला खात्री नाही.

बाईंविषयी बोलायला उभी राहिले आहे, तेव्हा आधी बाईंविषयीच बोलते.

बाई नोकरीला लागल्या त्याच वर्षी मी पहिलीत आले. आम्ही त्यांना 'बाई' म्हणायचो. मराठी शाळेत जी शिकवते ती बाई. त्याहून मोठी पदवी आम्हाला ठाऊक नव्हती. मधल्या काळात एक नवे अधिकारी तपासणीला आले. लांबच्या जिल्ह्यातले, स्वभावानं सज्जन, पण मराठी कधी कानावर न पडलेले. वर्गात पाऊल टाकतात तर चारी बाजूंनी पोरं ओरडतायत, "बाई, मी सांगू? ओ बाई, मले येते!" साहेब लालबुंद. बाहेर येऊन म्हणाले, "ये क्या तमीज़ है? बाई तो हमारे यहाँ बर्तन माँजने वाली को बोलते हैं। कल से सब बच्चे मैडम बोलेंगे।" भांडी घासणारीशी आदरानं का बोलू नये, हे त्यांना कुणी विचारलं नाही, तो दुसऱ्या भाषणाचा विषय आहे. हुकूम निघाला. दुसऱ्या दिवशी पोरांनी हुकूम अगदी मनापासून पाळला आणि ओरडायला लागली, "मॅडमबाई, मी सांगू?"

हसा, हसा. तेव्हापासून त्या सगळ्या शहराच्या मॅडमबाई झाल्या. मंचावर बसल्या बसल्या त्याही हसतायत, बघा.

आणि शिकवायच्या कशा? तिसरीपर्यंत त्यांनी कुणाचं बोलणं दुरुस्त केलं नाही. 'मले' म्हणा, 'तुले' म्हणा, अर्धं वाक्य हिंदीत संपवा, चालेल. पण तोंड उघडा. पुस्तकातली मराठी त्या नंतर आणायच्या, पाहुणा घरात आणावा तशी, आधी घरच्यांशी ओळख करून देत. मंडीतल्या हमालाची मुलगी आणि कारखान्यातल्या फोरमनचा मुलगा एका बाकावर बसून एकच कविता म्हणायचे, आणि कुणाची जीभ कुठली आहे हे चौथीला पोचेपर्यंत कुणाच्या लक्षातही राहायचं नाही. ज्या शहरानं जामा मशिदीच्या भिंतीवर अरबीशेजारी संस्कृत कोरली, त्या शहरातली ही बाई. तिच्या वर्गात दोन मराठी शेजारी बसल्या, यात नवल ते काय?

मग हे मोडलं कुणी? तुम्हाला वाटतं, भोपाळनं मोडलं. कागद वरून आला, शिक्का वरचा आहे, म्हणून दोष वरचा. मी वकील आहे. वरच्यांना दोष देण्यात माझं आयुष्य गेलं, ते कामही मला छान जमतं. पण आज तो दावा मी लावणार नाही, कारण साक्षीदार सगळे या सभागृहात बसलेत.

दोन वर्षांपूर्वीची पालकसभा आठवा. मंडीतले आपले लोटूभाऊ. मागे दाराशी उभे आहेत ते. त्यांची मुलगी तृप्ती तेव्हा पहिलीत होती. तिची आई, सुमित्रावहिनी, आयुष्यात पहिल्यांदा सभेत उठून उभ्या राहिल्या. पदर सावरून म्हणाल्या, "बाई, माह्या पोरीले वाचता येते, पन लिवाले लय कंटाळा करते." पुढच्या रांगेतून, कारखान्याकडच्या एका ताईंकडून, अगदी शुद्ध, अगदी स्वच्छ मराठीत आवाज आला, "अहो, आधी आईलाच मराठी शिकवा!" अख्खी रांग हसली. त्या ताईंचं नाव मी घेणार नाही. त्या आल्या आहेत आणि त्यांनाही आठवतंय.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सुमित्रावहिनींचं वाक्य होतं तसं फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "यातला कोणता शब्द मराठी नाही, तो मला दाखवा." पण सुमित्रावहिनी तोवर बसल्या होत्या. त्यानंतर त्या कुठल्याही सभेत बोलल्या नाहीत. आजही आलेल्या नाहीत.

आणि कारखान्याकडच्या माझ्या वडीलधाऱ्यांनो, ती तुमची शुद्ध मराठी तरी तुम्ही कुठं ठेवलीत? नातवंडं इंग्रजी शाळेत गेली. गणपतीत आरतीपुरती तुमची मराठी बाहेर निघते आणि विसर्जनानंतर पुन्हा कपाटात जाते. तुम्ही स्वतः वापरली नाही, आणि जे वापरत होते त्यांना सांगितलं की ही मराठीच नव्हे.

त्यांनी ते खरं मानलं. इथंच सगळा घात झाला.

गेल्या पावसाळ्यात शाळेत नोंदणी झाली, मुलाच्या घरची भाषा कोणती याची. पालकांना एकेक करून बोलावलं. लोटूभाऊ, थांबा, निघून जाऊ नका. तुम्हाला विचारून, तुम्ही हो म्हटल्यावरच सांगते आहे. कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलानं विचारलं, "भैया, घर पे क्या बोलते हो?" आता समोरचा हिंदीत विचारतोय म्हटल्यावर आपण हिंदीतच उत्तर देणार. तो आपल्या बुऱ्हाणपूरचा रिवाजच आहे, समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नाही. लोटूभाऊ म्हणाले, "साहब, हमारे घर पे तो खानदेशी चलती है।"

"खानदेशी तो लिस्ट में है ही नहीं। हिंदी डाल दूँ?"

"डाल दो साहब। आपको जो ठीक लगे।"

त्यांच्या मागे उभे होते त्यांनीही तेच सांगितलं. कुणी म्हणालं खानदेशी, कुणी म्हणालं गावची बोली, कुणी म्हणालं, मिक्स है. आणि त्या पोरानं, त्याचीही काही चूक नाही, प्रत्येकापुढे हिंदी टाकलं. मी नंतर लोटूभाऊंना विचारलं, "अहो, तुम्ही मराठी का नाही सांगितलं?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काहीतरी खोटं बोलायला सांगतेय. म्हणाले, "ताई, मराठी तं ते कारखान्यावाले बोलतात. आमची कुठी मराठी? आमचं आपलं मले-तुले."

"मग पोरीला मराठी विभागात कशाला घातलं?"

"बाईले समजते ना आमचं."

हे उत्तर ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. खोटं बोलायला नको म्हणून, प्रामाणिकपणानं, या माणसानं आपल्या मुलीची भाषा सोडून दिली. जिच्यावरून मुलीच्या आईला लोक हसले होते ती भाषा माझी आहे असं म्हणायची त्याला लाज वाटली. आणि वर भोपाळमध्ये कुणी वाईट मनानं नव्हे, नुसते आकडे पाहून ठरवलं, की जिथं मराठी बोलणारी घरंच नाहीत तिथं मराठीची बाई कशाला?

तुम्ही म्हणाल, योगिताताई, हिंदीत शिकलं तर काय बिघडतं? पोरं बाजारात हिंदीच बोलतात, मोबाईलवर हिंदीच पाहतात. खरं आहे. मीही हिंदीवर पोट भरते, हिंदीशी माझं भांडण नाही. तर मग जानेवारीत काय झालं ते ऐका.

जानेवारीत बाईंना मतदार यादीच्या कामाला जुंपलं. मराठी विभागाची मुलं तेवढ्या काळापुरती हिंदी विभागात बसवली. म्हणजे समायोजनाची रंगीत तालीमच म्हणा. तिथले सर चांगले आहेत. लांबून येतात, मन लावून शिकवतात. बोलतात मात्र फार उंची हिंदी, बाजारात ऐकू येते ती नव्हे. त्यांनी आपल्या तृप्तीला उतारा वाचायला उभं केलं. एका जोडाक्षरापाशी ती थांबली. सर मायेनं म्हणाले, "चेष्टा करो बेटा, चेष्टा करो।"

आता मराठी घरातल्या पोरीला यातून काय कळावं? त्यांच्या त्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्या घरात चेष्टा म्हणजे टिंगल. तृप्तीला वाटलं, सर म्हणतायत की मी त्यांची टिंगल करतेय. ती घाबरून म्हणाली, "सर, मैं चेष्टा नहीं करती।"

"वही तो दिक्कत है। करनी पड़ेगी।"

"नहीं सर, मैं कभी नहीं करती। मेरी मम्मी मारेगी।"

वर्ग खदखदून हसला. सरांना वाटलं, पोरगी तोंडावर उलट उत्तरं देते. म्हणाले, "जब तक चेष्टा नहीं करोगी, पीछे बैठो।" ती मागे जाऊन बसली. आणि बाई परत येईपर्यंत मागेच बसून राहिली. वाचायला उभी राहिली नाही, पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं नाही. घरी आल्यावर आईला विचारायची, "मी कोनाची चेष्टा केली व आई?" आईला तरी काय माहीत?

बाई आल्या, त्यांनी तिला मागच्या बाकावर पाहिलं, काय झालं ते विचारलं, आणि ऐकता ऐकताच त्यांच्या लक्षात आलं. तिला हाताला धरून सरांकडे घेऊन गेल्या. दोन्ही शब्द समोरासमोर ठेवले. सरांनी कपाळाला हात लावला. "अरे राम, मुझे तो पता ही नहीं था।" त्यांनी तृप्तीच्या डोक्यावर हात ठेवला. संपलं. एवढंसं काम. कारण दोन्ही शब्द माहीत असलेलं एक माणूस मध्ये उभं होतं.

ते माणूस आता घरी जातंय. आणि हा काय एकच शब्द आहे? आपल्या शाळेच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत 'शिक्षा का मंदिर' लिहिलंय. दरवर्षी पहिलीतलं एखादं मूल ते एकेक अक्षर लावून वाचतं आणि विचारतं, "बाई, इथी कोनाले शिक्षा देतात?" एक एप्रिलनंतर हे ते कुणाला विचारणार? तृप्तीला टिळा लावतील, फूल देतील, आणि त्याच वर्गात नेऊन बसवतील. भिंतीएवढा टीव्ही असेल, आणि तिला वाटेल की तोही तिच्यावर रागावलाय. ती रडणार नाही, भांडणार नाही. गप्प बसेल. गप्प बसलेल्या मुलाचा कुणाला त्रास होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं ते कुणाला दिसत नाही. मग एक दिवस शाळेत यायचं थांबतं, आणि आपण म्हणतो, हिचं डोकंच नव्हतं अभ्यासात.

इच्छापूरच्या डोंगरावर उभं राहिलं की पलीकडे महाराष्ट्र दिसतो. दोन्हीकडची माणसं नवस फेडायला त्याच पायऱ्या चढतात. तुम्ही घरी काय बोलता, असं इच्छादेवीनं आजवर कुणाला विचारलेलं नाही. सरकारला मात्र विचारावं लागतं. आणि सरकारनं विचारलं तेव्हा आपण मान खाली घातली.

मी खोटी आशा दाखवायला आलेली नाही. मला वाटतं, ही लढाई आपण हरलो आहोत. दिवाळीनंतर परिसर अभ्यासाच्या पुस्तकांसाठी मी तुम्हाला शाळेत बोलावलं होतं. बाई आल्या, भूपेंद्रसर आले, मी आले, आणि कपबश्या परत न्यायला चहावाला आला. तेव्हा तुमची केळी होती, तुमची लग्नं होती, कुणाची गाडी पंक्चर होती. आज सभागृह भरलंय, कारण आज शाल आहे, नारळ आहे, दराबा आहे. माणूस शाळेतून जात असला की आपण गर्दी करतो. शाळाच जात असली की आपल्याला वेळ नसतो. हे मी रागानं बोलतेय असं समजू नका. राग यायला समोर काहीतरी उभं असावं लागतं.

काल बाईंच्या घरी गेले होते. म्हटलं, "बाई, उद्या तुमच्याबद्दल काय काय सांगू?" त्या भाजी निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "माझं कौतुक करत बसू नकोस. वेळ कमी असतो, लोक कंटाळतात. सोमवारचं सांग."

तर सोमवारचं सांगते. भूपेंद्रसरांनी खूप खेटे घातले, अर्ज दिले, विनवण्या केल्या. त्यामुळे सोमवारी जिल्ह्याहून पथक येणार आहे. घरच्या भाषेची नोंदणी ते पुन्हा एकदा तपासणार. त्यांची एकच अट आहे. आई किंवा बापानं स्वतः समोर येऊन तोंडानं सांगायचं. चिठ्ठी चालणार नाही, फोन चालणार नाही, वकील तर मुळीच चालणार नाही. पुरेशा घरांनी सांगितलं तर मराठी विभाग राहील आणि बाईंच्या जागी नवीन बाई मागता येईल. नाही सांगितलं, तर मघाशी वाचलेली ती शेवटची सूचना कायम होईल आणि पुढच्या वर्षी ती वाचायचीही गरज उरणार नाही.

लोटूभाऊ, तुमच्याशी एक शब्द. तुम्ही खोटं बोलणार नाही, हे मला माहीत आहे, बोलूही नका. 'मले' मराठी आहे. 'तुले' मराठी आहे. सुमित्रावहिनी त्या सभेत जे बोलल्या, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठी होतं. आणि पुढच्या रांगेतल्या त्या ताईंना माझी हात जोडून विनंती आहे, की घरी जायच्या आधी तुम्ही दाराशी जाऊन हे एकदा लोटूभाऊंना स्वतः सांगा. माझ्या सांगण्यापेक्षा तुमच्या सांगण्याला त्यांच्या लेखी जास्त किंमत आहे. दुर्दैव आहे, पण आहे.

बाई, तुम्हाला काय देऊ? शाल अध्यक्ष देतील. मी तुमची पहिलीतली पोरगी. तुम्ही बोलायला शिकवलंत, ते एवढं शिकवलंत की आता लोकांना मला थांबवावं लागतं. तुमच्यासमोर मी डोकं टेकवते. तुमच्या मनासारखं काही घडेल असं वचन मात्र देऊ शकत नाही, कारण ते माझ्या हातात नाही; या खुर्च्यांवर बसलेल्यांच्या हातात आहे.

अध्यक्षमहाराजांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, तरी चिठ्ठी पाठवली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आयोजकांची, ज्यांनी निरोपाच्या दिवशी मला हे बोलू दिलं त्या सगळ्या शिक्षकांची मी ऋणी आहे. कारखान्याकडच्या मंडळींना माझे शब्द लागले असतील, मंडीतल्या भावांनाही लागले असतील. लहान तोंडी मोठा घास घेतला, ते पोटात घाला. पण या माफीच्या मोबदल्यात एक द्या.

सोमवारी सकाळी साडेदहाला, हातातलं काम तासभर टाकून, शाळेत या. पथक हिंदीत विचारेल, घर पे क्या बोलते हो? त्याला मान वर करून सांगा, मराठी.